लिटल टिडलिंगची मोहरी

मुलांनो, डोळे मिटा बघू. मिटलेत? आता पुढचं वाक्य वाचून दाखवा.

नाही ना जमत? मग असं करा, एकच डोळा मिटा. उघड्या डोळ्याने वाचा आणि मिटलेल्या डोळ्याने मी सांगतो ते बघा.

इंग्लंडमधलं एक गाव बघा. इतकं छोटं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल घेऊन निघतो. मधोमध हिरवळ. हिरवळीत तळं, तळ्यात बदकं. तळ्याकाठी गारगोट्यांनी बांधलेलं जुनं चर्च. त्याचा मनोरा गोल आहे आणि जरासा पुढे झुकलेला, समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकू न आल्यासारखा. चर्चसमोर 'तीन हंस' नावाचं पेयगृह, म्हणजे तिकडचा पब. लाल रंगाची टेलिफोनची खोली, पण आत टेलिफोन नाही, पुस्तकं आहेत. ज्याला हवं त्याने न्यावं, वाचून परत ठेवावं.

दिसलं? छान. आता त्या गावामागच्या टेकडीवर बसलेला एक वाघ बघा.

"इंग्लंडमध्ये वाघ कुठून आला?" असं तुमच्यातल्या हुशार मुलांनी विचारलंच असेल. मीही तेच विचारत होतो. पण माझं ऐकतो कोण?

मी कराडच्या शाळेत भूगोल शिकवत असे. आता निवृत्त आहे, म्हणजे शिकवतो तसाच, फक्त समोर वर्ग नसतो, जो सापडेल तो असतो. त्या वर्षी मी माझ्या मुलीकडे, सीमाकडे, अमेरिकेत राहायला गेलो होतो. सीमा, जावई सुशांत आणि नऊ वर्षांची नात रुही ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात राहतात. हे डब्लिन वेगळं आणि आयर्लंडचं डब्लिन वेगळं, हे मी निघण्यापूर्वी कराडमध्ये प्रत्येकाला नकाशा काढून समजावलं होतं. तरी आमचे वाणी मला निरोप देताना म्हणालेच, "गुरुजी, आयर्लंडात जपून राहा."

तर अमेरिकेतल्या, आयरिश नावाच्या गावात, एका कराडकराने इंग्लंडमधलं गाव कसं बांधलं, ते ऐका.

सीमाच्या शेजारच्या घरात मिसेस टकेट नावाच्या पंच्याऐंशीच्या बाई राहायच्या. रुही त्यांना टकेट आजी म्हणायची. त्यांचा जन्म इंग्लंडचा. तरुणपणी गावच्या नाचाला आलेल्या एका अमेरिकन वैमानिकाशी लग्न करून त्या ओहायोत आल्या, त्या इथल्याच झाल्या. वैमानिक आता हयात नव्हते. दुपारी मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो, की त्याही हातात चहाचा कप घेऊन यायच्या.

"तुमचं गाव कोणतं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. भूगोलाचा मास्तर दुसरं काय विचारणार!

"लिटल टिडलिंग."

"म्हणजे जवळच ग्रेट टिडलिंग असेल," मी अधिकाराने म्हणालो.

"नाही."

"पूर्वी असेल."

"कधीच नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही पहिल्यापासून लिटलच. उगाच गर्व नको."

मग रोज थोडं थोडं करून त्यांनी मला ते गाव दाखवलं. साडेनऊशे वर्षांपूर्वी विल्यम राजाने इंग्लंड जिंकलं आणि साऱ्या देशाची मोजदाद करवली, कुणाकडे किती नांगर, किती डुकरं. राजाचा माणूस लिटल टिडलिंगलाही आला. त्याने लिहिलं, 'एक पाणचक्की, काही डुकरं, बाकी सांगण्यासारखं काही नाही.' दुसऱ्या कुठल्या गावाने हे लपवून ठेवलं असतं. टिडलिंगकरांनी ते वाक्य वेशीवरच्या पाटीवर रंगवलं आहे.

चर्चची घंटा एका कडाक्याच्या थंडीत तडकली. तेव्हापासून ती टण्ण वाजत नाही, 'थप' वाजते. नवी घंटा घ्यायचा विषय प्रत्येक पिढीत निघाला आणि प्रत्येक पिढीने नको म्हटलं. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाला आसपासच्या सगळ्या घंटा सारख्याच वाटतात, पण 'थप' ऐकलं की कळतं, आपलं गाव आलं.

मी आयुष्यभर मुलांना राजधान्या पाठ करायला लावल्या. पण जिथे एकही लढाई झाली नाही, एकही राजा जन्मला नाही, ते गाव आपली तडकलेली घंटा इतक्या मायेने जपतं, हे ऐकून मला त्या गावाविषयी फार आदर वाटू लागला. राजधान्यांना हे जमेल असं वाटत नाही.

पण गावातलं खरं बघण्यासारखं ठिकाण वेगळंच होतं. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीत, मागच्या बाजूला, दगडात कोरलेलं एक तोंड होतं. मोठे डोळे, फुगलेले गाल आणि बाहेर काढलेली लांब जीभ. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना, त्याचा इंग्लंडमधला मावसभाऊ म्हणा. आणि गावाची रीत अशी, की गाव सोडून जाणाऱ्याने त्या तोंडासमोर उभं राहायचं आणि त्याला उलट वेडावून दाखवायचं. जीभ पूर्ण बाहेर. म्हणजे तो माणूस परत येतो.

"तुम्ही दाखवलंत?" रुहीने विचारलं. तीही आता कुंपणाशी यायला लागली होती.

मिसेस टकेट कपात बघत म्हणाल्या, "लग्नाचे कपडे होते गं अंगावर. सासरची माणसं पहिल्यांदाच आलेली. त्यांच्यासमोर जीभ कशी काढणार? म्हटलं, राहू दे. पुढच्या वेळी दोनदा काढीन."

पुढची वेळ आली नाही. आधी मुलं लहान होती, मग वैमानिक आजारी पडले. आता डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. कॉम्प्युटरवर गावाचे फोटो होते. हिरवळ, बदकं, लाल खोली, सगळं. पण चर्चच्या मागे जाऊन त्या तोंडाचा फोटो कुणीच काढला नव्हता.

त्याच सुमारास रुहीच्या शाळेत 'जगातली गावं' नावाची संध्याकाळ ठरली. प्रत्येक मुलाने एका गावाची प्रतिकृती करायची, शेजारी उभं राहून गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं सांगायची. सीमाने कराड गृहीत धरलं होतं. सुशांतने वर्ध्याजवळचं त्याचं गाव गृहीत धरलं होतं. दोघांचं त्यावरून जेवताना थोडं वाजलंही.

"मी लिटल टिडलिंग करणार," रुही म्हणाली.

"का गं?" मी विचारलं.

"बिकॉज आय प्रॉमिस्ड, आजोबा. मी तिला सांगितलं, तू फेसकडे जाऊ शकत नाहीस ना, सो मी तुझं व्हिलेज इकडे आणीन."

"तिला नाही, त्यांना म्हणावं."

"त्यांना. बट आय प्रॉमिस्ड."

मुलांनो, नऊ वर्षांच्या माणसाने दिलेला शब्द मोडला, तर तो पुन्हा शब्द द्यायला कचरतो. हे मी वर्गात पाहिलेलं आहे. म्हणून मी बाह्या सरसावल्या. माझं परतीचं तिकीट शाळेच्या कार्यक्रमानंतरचं होतं, वेळ भरपूर होता.

सुशांत संगणकातला. तो म्हणाला, "बाबा, थ्रीडी प्रिंट करून टाकतो. वीकेंडमध्ये होईल."

"प्लास्टिकचं?" मिसेस टकेट कुंपणापलीकडून म्हणाल्या. "माझ्या गावाला ओल्या मातीचा वास यायचा."

माती! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मातीचं काम म्हणजे दिवाळीचा किल्ला, आणि दिवाळीचे किल्ले मी आळीतल्या पोरांना वर्षानुवर्षं करून दिले होते. मी कुदळ घेतली आणि सीमाच्या मागच्या अंगणात खणायला लागलो.

अमेरिकेत कुदळ चालवणाऱ्या म्हाताऱ्याकडे फार लवकर लक्ष जातं. थोड्याच वेळात कॉलनीच्या कमिटीच्या बाई आल्या. या कमिटीला तिकडे एचओए म्हणतात, आणि घराच्या दाराचा रंगसुद्धा तिला विचारून द्यावा लागतो.

"सर, तुम्ही काही बांधताय का?" बाईंनी हसून विचारलं.

मी मास्तर. खोटं बोलणं जमत नाही. "हो," मी माझ्या शुद्ध इंग्रजीत सांगितलं, "एक गाव."

"गाव?"

"लहानच. एक चर्च, एक तळं, एक पेयगृह, काही डुकरं."

बाईंचं हसू होतं तिथेच राहिलं, बाकीचा चेहरा बदलला. "डुकरं?"

"मातीची," मी म्हणालो. पण तोवर त्यांनी फोन काढला होता. सीमाला ऑफिसमधली मीटिंग सोडून बोलावं लागलं. शेवटी असं ठरलं, की खड्डा बुजवायचा, गाव गॅरेजमध्ये करायचं आणि गॅरेजचं दार बंद ठेवायचं, म्हणजे रस्त्यावरून गाव दिसणार नाही. "बाबा, प्लीज," सीमा संध्याकाळी म्हणाली, "कुणी विचारलं तर 'स्कूल प्रोजेक्ट' एवढंच म्हणा." मी तीस-पस्तीस वर्षं ज्या शाळेत नोकरी केली, तिथे लोक मला विचारून खड्डे खणत. पण असो.

गॅरेजमध्ये प्लायवुडची मोठी फळी टाकली. माती आणली बागेच्या दुकानातून, पिशवीत बंद केलेली. माती विकत घेतली, हे मी कराडला कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि गॅरेजमध्ये किल्ला होतोय, ही बातमी मराठी घरांतून पसरली. पहिला आला विनय. हा नागपूरचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा.

"काका, मस्त! कोणता किल्ला?"

"किल्ला नाही, विनय. हे इंग्लंडमधलं गाव आहे."

"हो का. मग बुरूज इकडे घ्या नं."

"तो चर्चचा मनोरा आहे."

"तोच. अन् वाघाची गुहा कुठे?"

"इंग्लंडमध्ये वाघ नसतो रे बाबा!"

"किल्ल्यावर लागतोच ना पण," विनय म्हणाला आणि खिशातून वाघ काढला. सोबत त्याच्या घरच्या दिवाळीच्या खोक्यातले मावळे, गवळणी आणि एक वासुदेव.

मी तक्रार घेऊन मिसेस टकेटकडे गेलो. त्या काठी टेकत गॅरेजमध्ये आल्या, मावळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा ढालवाला आमचा पोस्टमन दिसतोय," त्या म्हणाल्या. "असाच उभा राहायचा, पत्र घ्यायला उशीर झाला की." गवळण त्यांना दूधवालीची मुलगी वाटली. वासुदेवाला त्यांनी मोरपिसांच्या टोपीमुळे धर्मगुरूंची बायको ठरवलं. आणि मग म्हणाल्या, "गावामागे एक टेकाडही होतं. सगळे त्याला कॅसल म्हणायचे. कॅसल नव्हताच तिथे, नुसता मातीचा जुना तट होता. कुणी बांधला, कुणाला ठाऊक नाही."

"किल्ला!" विनय ओरडला. "काका, मी म्हणत नव्हतो?"

वाघ टेकाडावर बसला.

इकडे शाळेतून निरोप आला, की प्रतिकृतीत दारूचं दुकान चालणार नाही. आमचं 'तीन हंस' अडचणीत आलं. सुशांत म्हणाला, टी हाउस करून टाकू. मिसेस टकेट पहिल्यांदाच चिडलेल्या मी पाहिल्या. "माझ्या गावचं ते पेयगृह या देशापेक्षा जुनं आहे!" मग मध्यम मार्ग निघाला. पाटीवर अक्षर एकही नाही, नुसते तीन हंस. शाळेच्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, पक्ष्यांचा दवाखाना!" आम्ही त्यांना घाईघाईने तळ्यातली बदकं दाखवली.

राहिलं होतं ते तोंड. ते रुहीचं काम होतं, तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रोज शाळेतून आली, की मातीचा गोळा घेऊन बसायची आणि तयार तोंड कुंपणाशी न्यायची.

"नाही गं, हा रागावलाय," मिसेस टकेट म्हणायच्या. किंवा, "हा तहानलेला वाटतो." एकदा म्हणाल्या, "हा तर मतं मागतोय."

"मग ते कसं होतं?" रुही रडकुंडीला येऊन विचारायची.

"सांगता नाही येत, राजा. दिसलं की ओळखेन."

दिवस संपत आले आणि तोंड काही सापडेना. रुही जेवताना बोलेनाशी झाली. एकदा हळूच म्हणाली, "आजोबा, मी प्रॉमिस करायलाच नको होतं." मी उपदेश करायच्या ऐवजी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. मास्तरांच्या आयुष्यात हे क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी मी मनोऱ्यात घंटा बसवत होतो. सुतळीला बांधलेलं छोटं घुंगरू होतं, 'थप' वाजावं म्हणून त्यात कापूस भरला होता. काम नाजूक. मी वाकून, श्वास रोखून गाठ मारत होतो. रुही समोर बसली होती. गाठ बसली, मी वर पाहिलं, तर ती हातातल्या मातीवर भराभर अंगठा फिरवत होती. झालं तसं उठली आणि पळत कुंपणाशी गेली.

"हाच!" मिसेस टकेटचा आवाज मला गॅरेजमध्ये ऐकू आला. "हाच तो! तुला सापडला कुठे?"

मी धावत गेलो. मोठे डोळे, फुगलेले गाल, बाहेर आलेली जीभ. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

"इट्स आजोबा," रुही म्हणाली. "ते फोकस करतात ना, तेव्हा त्यांची जीभ बाहेर येते."

"काहीतरीच काय!" मी म्हणालो.

"येते, बाबा," सीमा मागून म्हणाली. "फळ्यावर नकाशा काढतानासुद्धा यायची."

सीमा माझ्याच शाळेत होती. मुलांनो, वर्गात वेडावून दाखवणाऱ्या किती जणांना मी बाकावर उभं केलं असेल! आणि मी स्वतः सबंध काळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला जीभ दाखवत होतो. तोंड फळ्याकडे असल्यामुळे ती सर्वांना दिसली नसावी, एवढीच आशा.

गाव पूर्ण झालं. एकच गोष्ट राहिली, हिरवळ. किल्ल्यावर हिरवळ कशी आणतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओल्या मातीवर अहाळीव पेरायचे, पाणी शिंपडायचं, चार-पाच दिवसांत मखमल. मी पेरले आणि निर्धास्तपणे दुपारची झोप काढायला गेलो.

ही गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. मी झोपलेलो असताना कोपऱ्यावरच्या अहिल्या आल्या. या पुण्याच्या. त्यांनी माती उघडी पाहिली आणि स्वतःशीच म्हणाल्या, काकांच्या लक्षातच राहिलेलं दिसत नाही. घरी गेल्या, मूठभर मोहरी आणून पेरली आणि मला लाज वाटू नये म्हणून बोलल्या नाहीत. संध्याकाळी विनय आला. त्याने मेथी टाकली. त्याच्याकडे मेथीच लावतात म्हणे. आणि ओहायोत थंडी पडायला लागली होती, तेव्हा सुशांतने बिचाऱ्या बियांसाठी गॅरेजमध्ये हीटर लावला. पाणी तर येता-जाता प्रत्येकजण घालत होता.

हिरवळ उगवली. वेळेवर, सुरेख. मिसेस टकेट म्हणाल्या, "अगदी अशीच." आणि तेव्हाच शाळेने कळवलं, की जिमच्या लाकडी जमिनीला पॉलिश केलेलं वाळलं नाही, कार्यक्रम आठवडाभर पुढे. म्हणजे आता माझ्या विमानाच्या आदल्या दिवशी.

तो आठवडा मोहरीचा होता. अहाळीव बिचारे सभ्य, ते थांबले. मोहरी थांबली नाही. आधी बदकं गेली, मग लाल खोली, मग पोस्टमन. मी कापू लागलो, तर अहिल्या म्हणाल्या, "काका, आत्ता कापू नका हं, कापलं की पिवळं पडतं. आमच्याकडे एकदा सबंध सिंहगड पिवळा पडला होता." विनय म्हणाला, "असू द्या काका, घनदाट जंगल वाटतं. वाघाला बरं." कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी सकाळी, मोहरी चर्चच्या मनोऱ्याच्या कानाला लागली होती, आणि मनोरा आधीच झुकलेला असल्यामुळे दोघं काहीतरी बोलत आहेत असं वाटत होतं.

रुहीने गॅरेजचा दिवा लावला, बघितलं, आणि दिवा बंद केला.

पुढचं विघ्न म्हणजे फळी विनयच्या व्हॅनमध्ये मावेना. टेकाड आड येत होतं. टेकाड कापायला विनय तयार नव्हता. शाळा जवळच होती, म्हणून आम्ही फळी उचलूनच निघालो. पुढे सुशांत आणि विनय, मागे अहिल्या आणि मी, फळीच्या पुढे व्हीलचेअरमध्ये मिसेस टकेट, त्यांना ढकलणारी सीमा, आणि सगळ्यांच्या पुढे मान खाली घातलेली रुही. सावकाश चालावं लागत होतं. माती, हिरवळ, गंभीर चेहरे. गाड्या थांबू लागल्या. एका गृहस्थांनी गाडीतून उतरून टोपी काढली आणि छातीशी धरून उभे राहिले. मला त्यांना सांगायचं होतं, की कुणी गेलेलं नाही, स्कूल प्रोजेक्ट आहे. पण दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून मी नुसती मान हलवली. त्यांनीही दुःखाने हलवली.

जिममध्ये चकचकीत गावं मांडलेली होती. स्वित्झर्लंडच्या एका गावात तर छोटी आगगाडी फिरत होती. मुख्याध्यापिका आमच्या टेबलाशी आल्या आणि मनापासून म्हणाल्या, "किती सुंदर! ॲमेझॉनचं जंगल का?"

रुहीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने पाठ केलेला इतिहास, पाणचक्की, डुकरं, घंटा, सगळं राहून गेलं. ती मिसेस टकेटकडे वळली. "आय ॲम सॉरी. दिसतच नाहीये काही."

मिसेस टकेट खुर्चीतून पुढे वाकल्या. मोहरीचा वास घेतला. मग काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि फळीला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या, चर्चच्या उत्तरेला.

"चर्चच्या मागे," त्या हळू म्हणाल्या, "कुणी गवत कापायचंच नाही. खाजकुयलीसारखी झुडपं माजलेली असायची, माझ्या खांद्यापर्यंत. तोंड बघायचं तर फांद्या बाजूला करून आत शिरावं लागायचं. पाय भाजायचे नुसते. मी विसरलेच होते बघ." आणि रुहीला म्हणाल्या, "फांद्या बाजूला कर, राजा."

रुहीने दोन्ही हातांनी मोहरी फाकवली. आत, भिंतीत, ते होतं. जीभ काढून वाट बघत बसलेलं.

मिसेस टकेट बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मुख्याध्यापिका, पालक, स्वित्झर्लंडवाले, आम्ही. गर्दी चांगलीच जमली होती. त्यांच्या मानेवर लाली चढली, लग्नाच्या दिवशी चढली असेल तशी.

"इतक्या लोकांत," त्या पुटपुटल्या, "कसं दिसेल ते?"

रुही खुर्चीवर चढली. वर्गात जिचा आवाज ऐकू येत नाही अशी शाळेची तक्रार दरवर्षी यायची, ती रुही. "एव्हरीबडी, प्लीज टर्न अराउंड!" ती ओरडली. "तुम्ही पण, आजोबा!"

सगळे वळले. मुख्याध्यापिकासुद्धा. मी वळलो, तर माझ्यासमोर शाळेच्या चषकांचं काचेचं कपाट आलं. आता काचेत दिसतं, त्याला मी काय करणार? टेबलामागे वाकलेलं एक पांढरं डोकं मला दिसलं, आणि खुर्चीवरून उतरून त्याच्या शेजारी टेकलेलं एक काळं डोकं. मोहरी हलली. मग दोन जिभा दिसल्या, एक पंच्याऐंशी वर्षांची, एक नऊ वर्षांची. मोठी जीभ एकदा आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. दोनदा काढीन म्हणाल्या होत्या ना.

कुणीतरी सुतळी ओढली. 'थप' असा आवाज झाला.

बक्षीस स्वित्झर्लंडला मिळालं. आगगाडीपुढे कोण टिकणार? पण मोहरीची भाजी अहिल्यांनी त्याच रात्री केली, आणि मिसेस टकेटनी वाटीभर खाऊन लिटल टिडलिंग चवीला चांगलं आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझी निघायची वेळ झाली. बॅगा गाडीत गेल्या. निरोप द्यायला सगळे दारात जमले होते, विनय, अहिल्या, व्हीलचेअरमध्ये मिसेस टकेट. योगायोगाने समोरून कमिटीच्या बाईही चालल्या होत्या, त्याही थांबल्या. मी कोट घातला होता, टोपी घातली होती. सर्वांना नमस्कार करून एक-दोन शब्द बोलावेत, असा विचार होता. तयारीही केली होती.

"थांबा!" म्हणत रुही घरातून धावत आली. तिच्या हातात ते तोंड होतं. चर्चच्या भिंतीतून अलगद काढलेलं, एका गालाला अजून मोहरीचं मूळ चिकटलेलं. तिने ते माझ्या नाकासमोर धरलं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने, म्हणजे मीच, माझ्याकडे बघितलं.

"रुही," मी खालच्या आवाजात म्हणालो, "सगळे बघतायत गं."

रुहीने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. कुणी पाठ फिरवायच्या बेतात दिसत नव्हतं. विनयने तर फोन वर धरला होता. तिने क्षणभर विचार केला, ते तोंड मिसेस टकेटच्या हातात दिलं, माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि स्वतःचे दोन्ही डोळे दोन्ही तळव्यांनी घट्ट झाकून घेतले.

बोटांमधली फट तिने तेवढी उघडी ठेवली होती.